आखरावरची जयवंता

आमच्या उमरडोहात घड्याळं दोन होती. एक सरपंच रुपरावांच्या ओसरीवर आणि एक शाळेत, आणि दोन्ही आपापल्या मर्जीनं चालायची. गावाला वेळ कळायची ती जयवंताच्या हाकेवरून. सकाळी सूर्य कासराभर वर आला की ती आखरावर उभी राहून ओरडायची, "ढोरं सोडा वंऽऽ", आणि घराघरातली दावी सुटायची. सासूबाई म्हणायच्या, हिच्या घशात देवानं भोंगा बसवला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी त्या आवाजानं दचकून मी हातातला चहा सांडला होता.

ही १९६६ सालची गोष्ट. उमरडोह नागपूरच्या काटोल नाक्यापासून दोन कोसांवर. आता तिथं नागपूरच चालत आलं आहे, ले-आउट पडले आहेत आणि माझा भाचा मला विचारतो की आखर म्हणजे काय. गावाबाहेरची मोकळी जागा, बाबा. सकाळी सगळ्या गावाची ढोरं तिथं जमायची आणि गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना रानात घेऊन जायचा. पूर्वी हे काम जयवंताचा नवरा नत्थू करायचा. तो साप चावून गेला. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ही बाई त्याची काठी घेऊन आखरावर हजर. बाई कधी गायकी असते का, यावर चावडीत दोन दिवस चर्चा चालली. चर्चा करणाऱ्यांच्याच गायी तिच्यामागे रानात जाऊन आल्या, तेव्हा चर्चा आपोआप थांबली.

गाव तिला नुसतं जयवंता म्हणे. मी मावशी म्हणायचे. उंच, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट, डोक्यावर चुंबळीसारखं गुंडाळलेलं फडकं. दीडशे ढोरं होती, पण तिनं ती कधी मोजली नाहीत. ती नावानं हजेरी घ्यायची. संध्याकाळी कळप परतला की तिच्या तोंडी सुरू, "चांदी आली, ढवळी आली, सुभद्रेची बांडी आली, रुपरावची खोडी आली." एखादं नाव राहिलं की ती उलट्या पावली रानात. मला गायीची भीती वाटायची हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. माझा हात धरून तिनं तो चांदीच्या गळ्याखालच्या पोळीवर ठेवला आणि म्हणाली, "इथं खाजव. इथं खाजवलं का गाय बी सासूवानी नाही राहत, मायवानी होते." सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्या दिवशी घरात माझं काही खरं नव्हतं.

गावाच्या उत्तरेला रमना होता, चाळीस एकरांचं गवताचं कुरण. पावसाळा लागला की जयवंता रमन्याच्या कडेच्या बोरीबाभळींना गवताच्या गाठी मारायची. गाठ दिसली की आत ढोर घालायचं नाही. ना कुंपण, ना राखणदार. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन झालं, सजवलेल्या गायी वाजतगाजत आखरावरून पळवल्या, की ती स्वतः पहिली गाठ सोडायची. तोवर गवत छातीला लागलेलं असायचं. बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूच्या गावांतली ढोरं कवडीमोल गेली. आमची हाडकली, पण जगली. त्या रमन्यामुळं आणि नाल्यातल्या डोहामुळं, ज्याच्यावरून गावाचं नाव पडलं.

आणि अमावास्या. त्या दिवशी आमच्या गावात दूध विकायचं नाही, विरजायचंही नाही. सांजेचं सगळं दूध गायक्याचं. जयवंता ते घरी नेत नसे. आखरावर तीन दगडांची चूल मांडून मोठ्या गंजात तांदळाची खीर शिजवायची आणि जो येईल त्याला पळसाच्या पानावर वाढायची. बांडीची मालकीण सुभद्रा, तिच्या घरचे लोक छप्पनला नागपुरात बौद्ध झाले होते. तिच्या बांडीचं दूध त्या गंजात पडू नये म्हणून एकदा दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. जयवंता पळी हलवता हलवता म्हणाली, "दिवसभर एका रानात चरल्या, एका डोहात पाणी पेल्या. आता सांजेले दुधाले जात कुठून आली? ज्याले चालत नाही त्यानं घरी जाऊन भाकर खावी." एक म्हातारा घरी गेला. दुसऱ्यानं खीर खाल्ली, दोनदा.

ते दिवस आठवले की आजही माझ्या जिभेवर त्या खिरीची धुरकट चव येते. तेव्हा घरात लोणी होतं, तूप होतं आणि ते माझ्या हातातलं होतं. इतवारीतला दुकानदार माझ्या तुपासाठी माणूस पाठवायचा. ताक कुणाला मोजून दिलं नाही. ज्यांच्याकडे गाय नव्हती त्या बाया सकाळी लोटा घेऊन यायच्या आणि सोबत गावाच्या बातम्या आणायच्या.

शहात्तर-सत्त्याहत्तरला दुधाची योजना आली. गावात सोसायटी झाली, संकलन केंद्र उघडलं आणि माझे यजमान अनंतराव तिचे सेक्रेटरी झाले. त्यांना शिकलेला माणूस म्हणून मान होता आणि कामाची हौसही. योजनेतून आमच्याकडे जर्सी जातीची संकरित कालवड आली. बदामी रंग, मोठाले डोळे, वशिंड नाही. गावानं तिचं नाव ठेवलं मॅडम. ती व्याली आणि दिवसाला दहा लिटर दूध द्यायला लागली. आमच्या चांदीचं कसंबसं दीड.

मी खोटं कशाला बोलू? त्या दुधावर आमच्या घराला पक्कं छप्पर आलं आणि धाकटी नणंद नागपूरला शिकली. सुभद्राचा नवरा दुसऱ्याच्या बांधावर राबायचा सुटला. सगळ्या जातींचं दूध एका कॅनमध्ये ओतलं जाऊ लागलं आणि तालुक्याच्या साहेबानं भाषणात सांगितलं की ही सामाजिक क्रांती आहे. जयवंता मागे उभी होती. ती माझ्याकडे पाहून हसली.

पण कॅन दोन्ही वेळा भरावा लागे. विरजण बंद झालं, ताक बंद झालं आणि लोटा घेऊन येणाऱ्या बाया येईनाशा झाल्या. नागपूरची गाडी अमावास्या पाळत नव्हती. आधी लोक अर्धं दूध मावशीच्या गंजात घालायचे, मग वाटीभर, मग कुणीच नाही. आमच्या घरून मी लपवून तांब्याभर नेत असे. मॅडमसारख्या गायी रानात जात नसत. त्यांना गोठ्यात बांधून हिरवा लसूणघास घालायचा, बादलीनं पाणी पाजायचं. घासासाठी विहिरींवर पंप बसले आणि वैशाखात दिवसभर त्यांची धकधक ऐकू यायची. देशी गायी लोक बाजारात विकू लागले. दीडशेचा कळप चार वर्षांत चाळिसाच्या आसपास आला.

मग सोसायटीच्या मनात रमना आला. तो नांगरून तिथं गजराज गवत लावायचं, पंपाचं पाणी द्यायचं, सगळ्या सभासदांना वैरण मिळेल. जयवंता त्या दिवशी पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या सभेत बोलली. म्हणाली, "रमना गेला तर आखर गेला. मंग मी कोणाचं काय चारू?" रुपराव सरपंच वाईट माणूस नव्हते. त्यांनी तोड काढली. येत्या गुरुवारी तालुक्याचे साहेब येतील. संध्याकाळी कळप आखरावर आला की ढोरं मोजायची. चाळीस भरली तर रमना तसाच राहील. कमी पडली तर नांगर. मावशीनं मान डोलावली, कारण तिच्या हजेरीत त्या आठवड्यात चव्वेचाळीस नावं होती.

बुधवारी ती घरोघर जाऊन सांगून आली. गुरुवारी सकाळी मी आमची चांदी आणि ढवळी घेऊन आखरावर गेले, तर मावशी काठीवर हनुवटी टेकून उभी. कुणाची गाय आजारी पडली होती म्हणे, कुणी सोडायला विसरलं होतं. ती नावं घेत होती आणि मी बोटांवर मोजत होते. एकोणचाळीस. मी पुन्हा मोजली, तरी एकोणचाळीसच.

अनंतराव साहेबांना आणायला नागपूरला गेले होते. मी घरी आले, मॅडमच्या कालवडीपुढं तुरीच्या भुशाचं कुटार टाकलं, मॅडमचं दावं सोडलं आणि तिला घेऊन आखरावर गेले. मावशी दोन पावलं मागे सरकली.

"हिले नको आणू, सूनबाई. हिले ऊन सोसत नाही. अनंताले माहीत झालं तर?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मावशी. तुम्ही तिला सावलीत ठेवा."

तिनं मॅडमकडं पाहिलं, मग रमन्याकडं पाहिलं. शेवटी म्हणाली, "डोहाजवळ जांभळीच्या सावलीत बसवतो हिले. दिवसभर हलू देत नाही." माणूस कितीही शहाणा असला तरी त्याला काही हवं असलं की तो चुकतो. मीही चुकले, तीही. पण मी घरी जाऊन पंख्याखाली बसले.

पुढचं मला मागाहून कळलं. त्या वर्षी पंपांनी विहिरींचं पाणी उपसलं होतं आणि डोहाचं पाणी आटून मधोमध खाटेएवढं राहिलं होतं. भोवती सगळा काळा चिखल, वरून वाळून पापुद्रा आलेला, आतून लोण्यासारखा मऊ. आमच्या गावठी गायींना हे ठाऊक होतं. त्या कडेच्या खडकावरून मान लांब करून पाणी पीत. मॅडमनं जन्मात बादलीशिवाय पाणी पाहिलं नव्हतं. दुपारी तहानेनं ती उठली आणि सरळ पाण्याकडं चालत गेली, जशी गोठ्यात बादलीकडं जायची. पोटापर्यंत रुतली.

जयवंताला कळप दिसत होता आणि रुतलेली गायही दिसत होती. सूर्य डोक्यावरून कलला होता. ती गावाकडं धावत आली असती तर मॅडमची मान चिखलात गेली असती. ती कळपामागं राहिली असती तर चाळीस नाही तरी एकोणचाळीस ढोरं तिनं वेळेवर आखरावर आणली असती आणि एका ढोरासाठी साहेबाशी भांडायला तिचा घसा पुरेसा होता. ती चिखलात उतरली. मॅडमची मान तिनं खांद्यावर घेतली, लुगड्याचा पदर फाडून भिजवून तिच्या डोक्यावर टाकला आणि हातांनी चिखल उपसत राहिली.

कळप सांजेला एकटाच परतला. वाट त्यांना पाठ होती, पण हाकणारं कुणी नव्हतं. कुणी परस्पर घरी गेली, सहा-सात लसूणघासात शिरली. आखरावर साहेबांनी मोजली ती तेवीस. रुपरावांनी कागदावर आकडा लिहिला आणि सही केली. मी तिथं बायांमध्ये उभी होते. मावशी कळपासोबत नाही हे पाहून मी ओरडले की डोहावर चला.

दहा माणसं, दोर आणि दोन बल्ल्या लागल्या. मॅडम बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता, पण ती जगली. मावशी कमरेपर्यंत चिखलात तशीच उभी होती. तिला वर ओढायचं कुणाला लगेच सुचलं नाही. अनंतराव काठावरून पाहत होते, चेहरा लालबुंद झालेला.

"गाय कोणं सोडली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. सासूबाई बाजूला, साहेब समोर, सगळं गाव मागे. मला वाटलं, एक क्षण थांबावं, मग सांगावं.

"मीच नेली सोडून," जयवंता म्हणाली. "ढोरं मोजाले येणार होते ना. म्हणून नेली."

सेक्रेटरीची गाय चोरून नेली, असं गावानं धरलं. मारहाण झाली नाही, शिवीगाळही फार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावरून हाक आली नाही. मी अंगणात उभी होते. चांदी दाव्याला हिसके देत हंबरत राहिली.

पावसाळ्याच्या तोंडावर रमना नांगरला. पहिली दोन वर्षं गजराज गवत खरंच पुरुषभर वाढलं, फोटो काढायला लोक आले. मग विहिरीनं तळ दाखवला, गवत पिवळं पडलं आणि नांगरलेल्या जमिनीत गाजरगवत शिरलं. ते कोणतंच ढोर खात नाही. चांदी आणि ढवळी आम्ही विकल्या. मॅडमला पुढं काससुजी झाली, दोन सडं गेली आणि तिलाही बाजार दाखवला. अनंतरावांनी दुसरी संकरित गाय आणली. जयवंता काही महिने संत्री तोडायला काटोलकडं जात राहिली, मग मुलाकडं, जागेश्वरकडं निघून गेली. तो कळमेश्वरच्या कारखान्यात लागला होता. ती गेली त्या दिवशी मी मुद्दाम माहेरी होते.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात तिला बरं नाही असं सुभद्रानं सांगितलं. मी बसनं कळमेश्वरला गेले. एका ओळीत बांधलेल्या खोल्या, पुढं नाली, मावशी दारात उन्हाला बसलेली. अंगावर काही राहिलं नव्हतं, फक्त आवाज तोच. तिनं मला नावानं नाही, गायींच्या नावानं विचारलं. चांदीची नात कुठं आहे, बांडी किती वेत झाली. चांदी तर आम्ही केव्हाच विकली होती. मी तिचे पाय धरले.

"मावशी, त्या दिवशी मॅडमचं दावं..."

"जाऊ दे वं. मले माहीत नाही काय? माह्या हातात तूनंच तर देल्ली होती. तुहं नाव घेतलं असतं तर तुह्या घरात भांडण लागलं असतं. माह्या घरात भांडाले होतं कोण?"

मी रडत होते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"पण एक सांगू? अनंतानं विचारलं तवा मी लगेच नाही बोलली. चिखलात उभी राहून जराशी वाट पायली. म्हटलं, सूनबाई बोलते का पाहू."

तिनं जागेश्वरच्या बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी तो प्यायले आणि चारच्या बसनं परत आले. पुढच्या महिन्यात ती गेली.

कळमेश्वरहून परत आले त्याच संध्याकाळी मी पदर खोचून अनंतरावांसमोर उभी राहिले. ते ओसरीवर सोसायटीचे कागद लावत बसले होते. मी सांगून टाकलं, मॅडमचं दावं मी सोडलं होतं, जयवंतामावशीनं नाही. मला वाटलं ते उठतील, ओरडतील. त्यांनी कागद खाली ठेवला.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "रातच्याला गोठ्यात गेलो तर कालवडीपुढं कुटार टाकलेलं. चोर कुटार टाकून जाते काय?"

"मग तुम्ही काहून नाही बोलले?"

त्यांनी चष्म्याची काच धोतरानं पुसली.

"खरं सांगतलं असतं तर कळप आपल्याच घरामुळं फुटला असं ठरलं असतं अन् मोजणी पुन्हा झाली असती. आणि सोसायटीले रमना पाहिजे होता."

मी आत जाऊन स्वयंपाकाला लागले. चार वर्षं एका ताटात जेवलो, एका छपराखाली झोपलो आणि दोघांनाही ठाऊक होतं. त्या बाईला आम्ही दोघांनी मिळून चिखलात उभं ठेवलं होतं, आणि त्यासाठी एकमेकांशी एक शब्दही बोलावा लागला नव्हता.